छपरातून येणाऱ्या रेघा

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मरोळ गावठाणात मुलांसाठी रविवारचा विज्ञानवर्ग सुरू केला. जागा नव्हती. ती पर्पेच्युआ मिस्किटा यांनी दिली, त्यांच्या घराची मागची पडवी.

पर्पेच्युआबाई अणुशास्त्रज्ञ होत्या. हे मी मुलांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. बाई फिकट निळा फ्रॉक घालून, पायांत रबरी सपाता, सुपात पावटे सोलत बसल्या होत्या. कुणाचाच विश्वास बसला नाही. खरं तर पहिल्या भेटीत माझाही बसला नव्हता.

त्यांच्या वडिलांची भातशेती होती, आता जिथे साकीनाक्याच्या बाजूला कारखान्यांचे पत्रे दिसतात तिथे. बांधावरून चालत शाळेत जाणारी ही मुलगी महायुद्धाच्या काळात पदार्थविज्ञान शिकली आणि पुढे बोटीने विलायतेला गेली. तिथे ती माग वाचायला शिकली. म्हणजे काय, ते सांगतो. काचेवर फोटोच्या मसाल्याचा जाड थर द्यायचा आणि ती काच फुग्याला बांधून आभाळात सोडायची, नाहीतर खोल खाणीत नेऊन ठेवायची. अणूच्या गाभ्यातून फुटून निघालेला एखादा कण त्या थरातून गेला, की मागे रेघ उरते. मग काच धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि ती रेघ शोधत महिनेच्या महिने बसायचं. परत आल्यावर बाईंनी इथे असं काम उभं केलं आणि नुकत्याच शाळा संपवलेल्या मुलींना ते माग वाचायला शिकवलं. एका काचेवर त्यांना एक रेघ अशी दुभंगलेली दिसली, की तशी आधी कुणीच पाहिली नव्हती. आपला डोळा फसत असेल म्हणून त्या कित्येक दिवस कुणापाशी बोलल्या नाहीत. पुढे तिचं चित्र परदेशातल्या पाठ्यपुस्तकांत छापून आलं. शिक्षक झाल्यावर मी ते चित्र वहीत उतरवून घेतलं होतं. ते पहिल्यांदा पाहणारा डोळा माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर वाढलेला होता, हे मला पंचवीस वर्षांनी कळलं.

घरात त्यांची आई होती. ऐंशी ओलांडलेली, लुगडं नेसणारी, काटक. सगळं गावठाण तिला माय म्हणायचं. तिचा एक डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये गेला होता आणि दुसराही हळूहळू मंदावत चालला होता.

चौऱ्याहत्तर साली राजस्थानात अणुस्फोट झाला तेव्हा गल्लीतलं कुणीतरी पेढे घेऊन मायकडे आलं. मुलीने बॉम्ब उडवला, तोंड गोड करा, असं म्हणालं. बाईंचा त्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता. त्या वेळी त्या दक्षिणेत एका खाणीत आपल्या काचा मांडत होत्या. पण त्या घरी परतेपर्यंत मायच्या मनात ते पक्कं बसलं होतं. बाईंनी समजावून पाहिलं. माय ऐकायची आणि उठून जायची. त्या दिवसापासून संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली, की माय मुलीसाठी वेगळी क्षमा मागत असे, आणि बाई बाजूच्या खोलीतून ते ऐकत.

एकदाच त्या याबद्दल माझ्याशी बोलल्या. "मास्तर, मला मान मिळाला, पदकं मिळाली. पण मी जे केलंच नाही त्याची माफी माझी आई दहा वर्षं रोज मागतेय. तिचा डोळा जायच्या आत मी काय बघत होते ते तिला एकदा दिसायला हवं. नाहीतर हेच मनात धरून ती जाईल."

त्या डिसेंबरात वर्गातल्या कुंदाने बाईंना विचारलं, "तुम्ही अणू बघितलाय का? खरं सांगा हां."

"नाही," बाई म्हणाल्या. "पण तो फुटून त्यातले कण जाताना बघितलेत."

विमान खूप उंच गेलं, की दिसत नाही, मागची पांढरी रेघ मात्र दिसते. तसंच हे, असं त्यांनी सांगितलं. सहारचा विमानतळ उशाशी असल्याने मुलांना ते लगेच पटलं. मग ती रेघ आम्हाला दाखवा म्हणून सगळी मागे लागली. बाईंनी मायच्या खोलीकडे एकवार पाहिलं. नंतर मला म्हणाल्या, काचेची मासे ठेवायची पेटी मिळेल का.

पेटी मिळाली. बाईंनी तिच्या तळाच्या आतून जाड लोकरी कापडाची पट्टी चिकटवली, ती स्पिरिटमध्ये भिजवली आणि पेटी काळ्या रंगवलेल्या पत्र्यावर उपडी ठेवली. पत्र्याखाली कोरडा बर्फ हवा होता. हा बर्फ पाण्याचा नसतो, हवेतल्या एका वायूचा असतो. तो वितळून ओला होत नाही, नुसता उडून जातो. आइस्क्रीमवाले वापरतात. साकीनाक्याच्या एका कारखान्यातून तो आणायचं काम बाईंचा पुतण्या बर्नार्ड याच्याकडे गेलं. बर्नार्ड गावठाणातल्या लग्नांत सोडा-लेमन थंड करायचं बघायचा. बर्फ या विषयात त्याला कुणी काही सांगायचं नाही, असा त्याचा बाणा होता.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर मुलं जमली. पडवीला चादरी लावून आम्ही अंधार केला. बाई पुढच्या खोलीत जाऊन मायला बोलवून आल्या. माय दाराकडे पाठ करून अल्तारासमोर, येशूच्या देव्हाऱ्यापुढे, बसली होती. तिने मान हलवून नको म्हटलं.

बर्नार्ड गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या घेऊन मागच्या अंगणात आला. लग्नात बर्फाच्या लादीला भुसा चिकटलेला असतो, म्हणून ती आधी नळाखाली धुऊन घ्यायची, मग टबात टाकायची, हे त्याने आयुष्यभर केलेलं. आजही त्याने तेच केलं. लादी टबात ठेवली आणि नळ पूर्ण सोडला.

टब खदखदू लागला. त्यातून पांढरा धूर उसळला आणि जमिनीलगत पसरत अंगणातून, पायऱ्यांवरून घरात शिरला. बर्नार्ड नळ धरून तसाच उभा. कुणाला काही सुचायच्या आत माय आतून आली. एका हातात रोझरी, दुसऱ्या हाताने भिंत चाचपत. घोट्यापर्यंत धूर होता. ती सरळ त्यात शिरली आणि हाताला लागेल त्या मुलाचं मनगट धरून ओढू लागली.

"चला भायेर, सगळी चला. उडणार हाय हे." मग मुलीकडे वळून म्हणाली, "पोरांमध्ये पण आणलंस, पर्पे? माझ्या घरात?"

दहा वर्षांत बॉम्बचं ती मुलीला पहिल्यांदाच तोंडावर बोलली होती.

बाईंचा चेहरा उतरला. पण आवाज शांत होता. "माय, बर्फ हाय तो. बर्नार्डने पाण्याने धुतला, म्हणून धूर."

"मग? धुवायचा नाय तर काय भुसा खायचा?" बर्नार्ड म्हणाला, आणि मुलं फिसकन हसली.

मायने वाकून धुरात हात घातला. गार लागला. वास नव्हता. ती जरा खजील झाली, पण मुलाचं मनगट तिने सोडलं नाही.

गोणपाटात एकच लादी वाचली होती. ती फार वेळ पुरणार नव्हती. बाईंनी ती जाड फडक्याने उचलून पत्र्याखाली सरकवली आणि पेटीपुढे स्टूल ठेवलं. "आलीच आहेस तर बस. तुझ्या डोळ्याने बघ. नंतर काय म्हणायचं ते म्हण."

पहिल्यांदा बसायची पाळी कुंदाची ठरली होती. ती मागे सरकली. माय बसली. मी बाजूने टॉर्च धरला.

आधी नुसती बारीक भुरभुर दिसत होती, धुकं पडावं तशी. बराच वेळ तेवढंच. एक मूल खोकलं. मला वाटलं, झालं, बर्फ फुकट गेला. आणि मग त्या धुक्यात एक रेघ उमटली. सरळ, कोळ्याच्या धाग्यासारखी. क्षणभर राहिली आणि विरली. दुसरी आली, तिरकी. मग एक आखूड, जाड. विश्वाच्या कुठल्या कोपऱ्यातून निघालेलं काहीतरी आमच्या गावठाणातल्या पडवीत येत होतं आणि जाताना खूण ठेवत होतं. मी आयुष्यभर हे फळ्यावर शिकवलं होतं. पाहत आज होतो.

माय पुढे वाकली. तिचं नाक काचेला लागलं.

"हे कोण काढतं?"

"कुणी नाय. वरून बारीक कण येतात. फार लांबून. इथं वर हवेतले अणू फोडतात आणि त्यांचे तुकडे खाली येतात."

"छपरातून?"

"छपरातून, भिंतीतून."

मायने काचेवर हात आडवा धरला. हाताखाली रेघ उमटली. तिने हात झटकन काढला, उलटसुलट करून पाहिला.

"माझ्यातून गेली?"

"तुझ्यातून, माझ्यातून, या पोरांतून. रोज. लागत नाय कुणाला."

माय पुन्हा काचेकडे वळली. टॉर्च धरून माझा हात अवघडला. मग तिने विचारलं, "तू पोटात होतीस तवा?"

"तवापण. दोघींच्या आरपार."

"आणि तू इतकी वर्सं हेच बघत होतीस?"

"हेच, माय."

"बॉम नाय?"

"कधीच नाय."

माय पेटीकडेच बघत म्हणाली, "सांगायचं होतंस मना."

"सांगितलं गं. आपल्या बोलीत मला सांगता येत नव्हतं."

"सांगून कुठं कळतं हे," माय म्हणाली. मग तिने मुलीचा फ्रॉक ओढून तिला बाजूला खाली बसवलं आणि बोट लावून विचारू लागली, ही जाड रेघ कुठली, ही वाकडी का गेली. पर्पेच्युआबाई गुडघ्यांवर बसून एकेका रेघेचं सांगत होत्या, जशा पूर्वी कामावरच्या मुलींना शिकवायच्या. मुलं रांग सोडून दोघींच्या खांद्यांवरून डोकावत होती.

लादी उडून संपली. रेघा विरळ झाल्या आणि मग नुसता काळा पत्रा उरला.

"थांबल्या?" मायने विचारलं.

"दिसायच्या थांबल्या. येतायत अजून."

मायने आपला तळहात मांडीवर उघडा ठेवला आणि त्याच्याकडे बघत ती तशीच बसून राहिली.