विलायती भूत

“मकबूलभाई, भूत कवा येणार हाय? का जेवाय बसलंय?”

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं आणि पत्र्याचं शेड हसून हसून दणाणलं. समोरच्या टीव्हीवर एक गोरी बाई मेणबत्ती घेऊन जिना उतरत होती. पाच मिनिटं झाली तरी ती उतरतच होती. सिनेमा काळापांढरा, भाषा इंग्रजीसुद्धा नव्हे, कुठल्या मुलखाची होती कोण जाणे. खाली मात्र इंग्रजी अक्षरं उमटत होती आणि टीव्हीशेजारी उभा राहून जळबा खिल्लारे ती मराठीतून मोठ्यानं सांगत होता.

“बाई म्हणून राहिली, की आज वारा लई हाय.”

अक्षरं तेवढीच होती, त्याला तो बिचारा काय करणार. निम्मी माणसं बिड्या शिलगावत बाहेर पडली. गाढवापुढे वाचली गीता, असं जळबाच्या मनात आलं, पण गीता त्यालाही कळली नव्हती, म्हणून तो गप्प राहिला.

ही शहाण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. गोरेगाव तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. पावसाळा सरताच धरमसिंगनं माडीवर छत्री बसवून गावभर केबलच्या तारा ओढल्या होत्या. हिंदी सिनेमा घरी आडवं पडून बघायला मिळू लागल्यावर मकबूलच्या व्हिडिओ हॉलमधल्या फळकुटावर कोण बसणार? मकबूलचे हातपायच गळाले. अशात त्याच्या मुंबईच्या मेव्हण्यानं आपलं दुकान आवरताना एक ट्रंक पाठवून दिली. आत चाळीसेक कॅसेटी, सगळ्या विलायतेतल्या भुताखेतांच्या, तिथं कोणी फुकट न नेलेल्या. मकबूलला वाटलं, हे काही केबलवर येणार नाही. हेच आपल्याला तारणार.

“चव लागाया टाइम लागतो, जळबा,” तो म्हणाला. “तंबाखू पयल्या दिवशी कुणाला गोड लागली? चक्कर येती, वांती व्हती. मंग सुटत न्हाई. हे बी बराबर तसंच हाय.”

“तंबाखूत काहीतरी असतंय तरी, मकबूलभाई.”

“ह्यात बी हाय. तू नीट सांग. तुझ्या जबानीवर हाय समदं.”

जळबा बारावी झाला होता. प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेत होता, ते बंद पडले. आवाज मात्र खणखणीत. जयंतीला स्टेजवर उभा राहिला की बिनमाईकचा मारुतीच्या पारापर्यंत ऐकू जायचा. दर वर्षी त्याचं भाषण एकच असे: भूत नाही, भानामती नाही, देवऋषी लुबाडतात, बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून सोडवलं. तोच जळबा आता भुताचा खेळ सांगतो म्हणून वस्तीत थट्टा चालली होती. तो ती ऐकून घेई. दुसरं काम नव्हतं, आणि घरी बसवत नव्हतं.

घरी पद्माबाई होती.

दोन वर्षांपूर्वी त्यांची राणी तापानं गेली. सहा वर्षांची होती, एकुलती. सकाळी डोळे फिरवायला लागली तशी दोघं तिला घेऊन स्टँडवर आली, हिंगोलीच्या जीपमध्ये बसली. जीप भरल्याशिवाय सुटत नसते, हे आमच्याकडे लहान पोराला माहीत आहे. ड्रायव्हर चहा पीत होता. आणखी चार माणसं यायची होती. जळबा मांडीवर पोर घेऊन ती चार माणसं यायची वाट बघत बसला. चल म्हणावं, ओरडावं, ड्रायव्हरची गचांडी धरावी, यातलं काही त्याला सुचलं नाही. जीप सेनगावच्या अलीकडे असताना राणी गेली. आख्ख्या गावाला ऐकू जाणारा आवाज त्या सकाळी निघाला नव्हता, आणि हे त्याला रोज आठवे.

पद्माबाई रडली नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीला लोक चांगलं बोलले, की जन्मतो तो जातो, शोक करू नये. ती ऐकत बसली. शेजारच्या मिराबाईनं तिला एका बाबाकडं न्यायचं ठरवलं, तर जळबा आडवा आला. “आपल्यात तसलं नसतंय,” तो म्हणाला. पद्माबाई गेली नाही. दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन कामाला गेली. स्वयंपाक, पाणी, मजुरी, सगळं वेळच्या वेळी. फक्त तिनं लेकीचं नाव घेणं सोडलं.

आणि त्यामुळे जळबाचंही नाव गेलं. आमच्याकडे बायको नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, लेकराच्या नावानं मारते. सहा वर्षं ती त्याला ‘राणीचे बाबा’ म्हणत आली होती. आता ती म्हणणार काय? जेवायला वाढलं की ताटली आपटायची. काही सांगायचं असलं की भिंतीकडं बघून सांगायची. दोन वर्षांत तिनं त्याला एकदाही हाक मारली नव्हती. माणसाला आपल्याच घरात कोणी हाक मारू नये, ही काय शिक्षा असते ते जळबालाच ठाऊक. तिनं एकदा राणीचं नाव घ्यावं, एकदा छाती फोडून रडावं, मग ती जगेल, असं त्याला वाटायचं. नाहीतर ती अशीच ताटल्या आपटत एक दिवस विझून जाईल, याचीही त्याला खात्री झाली होती.

हॉलमध्ये चौथ्या दिवशी सातच माणसं आली. मकबूल हात जोडून म्हणाला, “जळबा, मेरे भाई, काही तरी कर.” त्या दिवशी जळबानं खालची अक्षरं वाचायचं सोडलं आणि तोंडाला येईल ते सांगायला सुरुवात केली.

तीच कॅसेट होती, जिन्यावरच्या बाईची. तिची लहान मुलगी सुरुवातीलाच मरते. नंतर कितीतरी वेळ काही घडतच नाही. शेवटी बर्फाच्या रात्री मुलगी येऊन दार वाजवते, आई कडी घालते, वाजणं हळूहळू थांबतं, संपलं. जळबानं बाईची पाटलीण केली, घराचा वाडा केला, आणि दार वाजवणारी मुलगी? ती हडळ. पोरीचं रूप घेऊन आलेली.

“पाटलीणबाई!” तो टीव्हीवर हात आपटून ओरडला. “दार उघडू नको! ती तुझी लेक न्हाई, हडळ हाय!”

पुढच्या बाकावरच्यांची पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी साखरा गावाहून माणसं आली. आठ दिवसांत ते वाक्य गावात असं पसरलं की कोणी कोणाच्या दाराची कडी वाजवली की आतून आवाज यायचा, उघडू नको, हडळ हाय. हॉलमध्ये तर जळबाच्या आधी लोकच एका सुरात ओरडायचे. आई कडी घालायची आणि टाळ्या पडायच्या. केबलवाला धरमसिंगसुद्धा येऊन बसला. मकबूल म्हणाला, “बघ, लागली का न्हाई चव?”

चव लागली होती ती जळबाच्या सांगण्याची. सिनेमा कोणी बघतच नव्हतं.

बघत होता तो जळबा. सकाळी हॉल झाडायच्या आधी तो एकटा ती कॅसेट लावून बसे. पहिल्या दिवशी तोही कंटाळलाच होता. पण ज्या भागात काही घडत नाही, तोच त्याला आता पुन्हापुन्हा बघावासा वाटे. आई टेबलावर तीन ताटल्या मांडते. उभी राहते. मग एक ताटली उचलते, पुसते, फडताळात ठेवते. नवरा खाली मान घालून जेवतो. कोणी बोलत नाही. कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातल्या माणसाला आपलं घर कसं काय दिसलं, हेच त्याला कळेना. असल्या सिनेमाला भुताचा का म्हणतात हेही कळेना. तेवढं एकदा पद्माबाईनं बघावं, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. तेवढंच. पुढं दार वाजायच्या आत मशीन बंद करायचं.

“एक डाव ये की तिकडं,” तो तिला म्हणाला. “एकटीला दाखवतो. सकाळच्या पारी.”

पद्माबाई पीठ चाळत होती. “भुताचं बघाय काहून येऊ? आपल्यात भूत नसतंय म्हणता नं?”

“नसतंय.”

“कोणीच माघारी येत न्हाई?”

“न्हाई.”

“मंग काय बघू?” ती म्हणाली आणि चाळण झटकली.

बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला हॉल खच्चून भरला होता. बायकाही होत्या, मागं दारापाशी. खेळ निम्म्याच्या पुढं गेला होता, आणि जळबाला त्या बायकांत मिराबाई दिसली. तिच्या शेजारी, हातात बाजाराची पिशवी धरून, पद्माबाई उभी होती. ती कधीपासून उभी होती त्याला कळलं नाही. ताटल्यांचा भाग तिनं पाहिला की नाही, तेही कळलं नाही. ती टीव्हीकडं एकटक बघत होती. तिथं बर्फ पडायला लागला होता.

जळबा मशीनकडं वळला. मशीन मकबूलच्या पायाशी होतं, मधे माणसंच माणसं. त्यानं मकबूलला हातानं खूण केली, बंद कर. मकबूलला वाटलं, आवाज वाढव म्हणतोय. त्यानं वाढवला.

दार वाजलं. हॉल एका सुरात ओरडला, “उघडू नको! ती तुझी लेक न्हाई, हडळ हाय!”

“थांबा!” जळबा म्हणाला. “थांबा रे. हडळ न्हाई ती. लेकच हाय तिची. मी खोटं सांगितलं व्हतं.”

“आज कथा बदलली का, जळबा?”

“खरं सांगून राहिलो. पोरगी हाय. घरला आली ती.” त्याचा आवाज चिरकला. टीव्हीतल्या आईचा हात कडीकडं गेला. “बघा, आई उठली. कडी काढून राहिली. आता दार उघडन. आता घेईन लेकराला आत.”

“डोळे फुटले का बे? लावून राहिली नं ती!”

हसण्याचा कल्लोळ झाला. आईनं कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेरून लहान हातानं दार वाजत होतं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या वरून हाक आली.

“ओ राणीचे बाबा!”

दोन वर्षांनी. जळबाला आधी वाटलं, आपल्याला भास झाला.

“ओ राणीचे बाबा, उघडा नं दार! काहून उभे राहिले नुसते? लेकरू गारठून गेलं भायेर!”

पद्माबाई बाकांमधून वाट काढत पुढं येत होती. पिशवीतले कांदे लोकांच्या पायांत सांडत होते. कोणीतरी हसायला लागलं आणि मधेच थांबलं. मकबूलनं ओळखलं, वायर उपटली. टीव्ही काळा झाला, वाजणंही एकदम बंद झालं. ते बंद व्हायला नको होतं. पद्माबाई काचेपाशी येऊन उभी राहिली, तिनं कान दिला.

“थांबलं,” ती म्हणाली. “गेली का ती?”

हा सिनेमा आहे, ती कॅसेट आहे, ती बाई नाटकातली आहे, मेलेलं माणूस येत नसतं: सगळं जळबाला पाठ होतं. शंभर माणसं त्याच्या तोंडाकडं बघत होती. पद्माबाई फक्त त्याच्याकडं बघत होती.

“न्हाई गेली,” जळबा म्हणाला. “हाय अजून.”

मग तोच रडायला लागला, सगळ्यांसमोर, तोंडावर हातसुद्धा न घेता. पद्माबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं त्याच्या खांद्यावरचं उपरणं नीट केलं. भर बाजारातून तो तिचा हात धरून घरी घेऊन गेला. नवरा-बायको हात धरून चाललेले गोरेगावनं पहिल्यांदाच पाहिले असतील. मकबूलनं सांडलेले कांदे वेचून मिराबाईजवळ दिले आणि त्या दिवशीचे पुढचे खेळ रद्द केले. विलायती भुताची चव गोरेगावात दोनच माणसांना लागली, आणि दोघंही एकाच घरातली निघाली.

घरी येऊन पद्माबाईनं चूल पेटवली, भाकरी थापल्या. रोजच्यासारखंच. दिवस मावळला आणि ओढ्याकडून गार वारा सुटला. चुलीतला जाळ आडवा व्हायला लागला तसा जळबा दार लावायला उठला.

“राहू द्या, राणीचे बाबा,” ती म्हणाली. “उघडंच राहू द्या.”

तो कडीला हात लावून उभा राहिला. भाषण ओठांवर आलं होतं. वीस वर्षं स्टेजवरून केलेलं, बाबासाहेबांच्या फोटोसमोर केलेलं, त्यातला एक शब्द खोटा नव्हता. भिंतीवरून बाबासाहेब बघत होते. पद्माबाई तव्यावरची भाकरी उलटत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा कसली तरी वाट बघणं होतं.

त्यानं कडी सोडली. वाऱ्यानं दार ढकललं, आपटलं. त्यानं उघडलं, पुन्हा आपटलं. तेव्हा तो बाहेर गेला, न्हाणीतला कपडे धुवायचा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला, आणि दार मिटणार नाही असा उंबऱ्याला लावून ठेवला.