वजिराची घाई

तिच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान, पण गावात ओळख बुद्धिबळ मंडळातला तगडा खेळाडू अशी. घरी तो बायकोशी खेळायचा ते नुसता हात साफ करायला. दर रविवारी पांढरी मोहरी त्याचीच. दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटासमोरचं प्यादं पुढे सरकवून फुकट द्यायचा आणि पंधरावीस चालींत तिचा फडशा पाडायचा.

"याला किंग्ज गँबिट म्हणतात," तो म्हणे. "तुझ्या डोक्यावरून जाणार."

ती छापखान्यात मुद्रितशोधक होती. जेवणाच्या सुट्टीत प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांवर ती तो डाव मांडू लागली. दोन महिने डोकं खपवलं तेव्हा उलगडलं. ते प्यादं म्हणजे आमिष. ते मारून आपण जिवापाड जपत बसतो, आपली बाकीची मोहरी घरातच कुजतात आणि त्याची फौज अंगावर येते. पण त्याचा राजाही तिकडे उघडा पडलेला असतो!

पुढच्या रविवारी तिनं प्यादं मारलं, पण जपलं नाही. उलट वजिरापुढचं आपलं प्यादं त्याच्या तोंडी दिलं. त्यानं ते मारलं.

"मार की आता वजिरानं," तो हसला.

तिनं घोडा बाहेर काढला. तिसाव्या चालीला त्याच्या राजाला पळायला घर उरलं नाही.

"पुस्तकातलं घोकून आलीस. त्यात काय मोठंसं!" म्हणत तो उठला. त्यानंतर घरात पट मांडला गेला नाही.

चार महिन्यांनी मंडळाच्या वार्षिक अंकाची प्रुफं तिच्या टेबलावर आली. त्यात नवऱ्याचा लेख, 'गँबिटवर माझा तोडगा'. डाव तिचा. तिचं नाव सोडाच, 'बायको' हा शब्दही कुठे नव्हता. शिवाय एक चाल चुकलेली. त्यानं लिहिलं होतं, प्यादं लगेच वजिरानं मारा. हातचं सोडून घोडा काढणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

तिनं लेख तीनदा वाचला. 'प्रतीस्पर्धी'चं 'प्रतिस्पर्धी' केलं, दोन अनुस्वार दिले आणि खाली सही ठोकली.

अंक निघाल्यावर मंडळाच्या सामन्यात समोरच्यानं नवऱ्याविरुद्ध मुद्दाम किंग्ज गँबिटच लावला. त्यानं अंक वाचलेला होता. नवऱ्याचा वजीर बाहेर आला आणि समोरच्याच्या घोड्यानं त्याला पळता भुई थोडी केली. एकविसाव्या चालीला सगळ्यांदेखत नवऱ्यानं हार मानली.

घरी येताच त्यानं विचारलं, "प्रूफ तूच वाचलंस ना?"

"हो."

"चूक दिसली नाही?"

"दिसली."

"मग?"

"शोध तुमचा. मी कशाला ढवळाढवळ करू?"

बरोबर चाल कोणती, एवढं तरी तो विचारेल म्हणून ती थांबली. तो हातपाय धुवायला निघून गेला. तिला वाटलं होतं बरं वाटेल. तसं झालं नाही.

आठवड्यानं छापखान्याच्या मालकानं तिला आत बोलावलं. टेबलावर मंडळाचं पत्र होतं. खाली नवऱ्याची सही.

"बाई, म्हणतात छापताना चाल बदलली. इतक्या वर्षांत तुमच्याकडून असं कधी झालं नाही हो."

नवऱ्याच्या अक्षरातलं मूळ हस्तलिखित, त्या चुकीच्या चालीसकट, मागच्या कपाटातच होतं. ती क्षणभर तिकडे बघत राहिली.

"झालं खरं," ती म्हणाली.