नाव तेच

संयोगिताने कॉम्प्युटरवरचं भरतकामाचं झाकण काढलं, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि स्टॅबिलायझरचं बटण दाबलं. मशीन घरघरत जागं झालं. सोयराबाई, तिच्या सासूबाई, उंबऱ्याशी बसून अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. करंट गेला तर काय करशील, असं त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. संयोगिता म्हणाली, दुपारचा जात नाही.

नव्व्याण्णवचा डिसेंबर होता आणि पहिल्या जानेवारीला जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार, अशी बंगळूरभर आवई होती. बनशंकरीतल्या या घरातही ती पोचली होती. तिच्या नवऱ्याने, रणवीरने, एस. पी. रोडवरून विंडोज ९८ ची सीडी आणली होती. ती अपग्रेडची होती. म्हणजे जुन्या विंडोजच्या डोक्यावरच बसायची; रिकाम्या मशीनवर घालायची झाली तर आधी जुन्याचा पुरावा मागायची. दुकानदाराने बजावलं होतं की सुरू करण्याआधी जुन्या विंडोजचा नंबर लिहून ठेवा, मध्येच अडकलं तर तोच उपयोगी पडेल.

रणवीर हे काम रविवारी करणार होता. संयोगिता म्हणाली, मी करते. बेळगावात तिने वर्षभराचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, पहिल्या वर्गात आली होती आणि या घरात त्या विद्येचा उपयोग एवढाच झाला होता की झाकणावरची धूळ ती झटकत असे. रणवीरने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सरी, ठीक आहे, कर. फक्त जुनं काही पुसू नकोस." एवढ्यावर ती सकाळपासून खुशीत होती. लग्नाला दीड वर्ष झालेली बाई कशाकशावर खूश होऊ शकते याला काही सुमार नाही.

ती मूळची राजलक्ष्मी. निपाणीच्या नरसिंहरावांची मुलगी, घरात राजी. लग्नात रीतीप्रमाणे नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, रणवीरने अंगठीच्या कडेने अक्षरं काढली आणि बायका वाकून वाचू लागल्या. तिला धाकधूक होती, कारण तिच्या थोरल्या बहिणीचं नाव तिच्या नवऱ्याने कुठल्याशा कॅलेंडरवरून उचललं होतं आणि ते त्याच्याच लक्षात राहायला वर्ष लागलं. मेहुणा अजूनही तिला हाक मारताना आधी घसा खाकरतो. रणवीरचं तसं झालं नाही. लग्नानंतर पहिल्याच सकाळी त्याने न्हाणीघरातून "संयोगिता, टॉवेल" अशी हाक मारली ती इतकी सहज, की जणू वर्षानुवर्षं तो हीच हाक मारत आला होता. एकदाही चुकला नाही. हे तिने आईला फोनवर आवर्जून सांगितलं होतं. आई म्हणाली होती, मनापासून ठेवलेलं नाव असं तोंडात बसतं.

शेजारच्या धनलक्ष्मी अक्कांनीही पहिल्या दिवशी कुंपणावरून कन्नडमध्ये विचारलं होतं, "हेसरु अदेना?" नाव तेच का, असं. हिला वाटलं, कानावर आलेलं नाव त्या खात्रीसाठी विचारताहेत. तिने लाजत मान डोलावली, "हौदु, अदे." अक्का आत निघून गेल्या होत्या.

रणवीर बिजवर आहे हे तिला ठाऊक होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. पहिली बायको कावीळ होऊन गेली. तिचा हार घातलेला फोटो बाहेरच्या खोलीत होता. बोलणी चालू असताना तिचं नाव रक्षिता म्हणून सांगितलं गेलं. म्हैसूरहून तिचे आईवडील अधूनमधून यायचे, त्या फोटोसमोर बसून "रक्षिता" म्हणून डोळे पुसायचे आणि कॉफी घेऊन जायचे. घरातलं बाकी कुणी तिचं नाव काढत नसे. नरसिंहरावांनी एकच गोष्ट भीतभीत विचारली होती. दुसरेपणावर दिलेल्या मुलीला गळ्यात सवतीचा टाक बांधावा लागतो, मेलेलीची मूर्ती कोरलेली चांदीची चकती. तो नसेल तर बरं. सोयराबाईंनी हात हलवून तो विषय उडवून लावला होता. असलं काही आमच्यात नाही, तुमच्या मुलीच्या गळ्यात कुणाचं ओझं घालणार नाही, म्हणाल्या. नरसिंहराव घरी येऊन म्हणाले, चार पिढ्या कानड्यांत राहिलेली माणसं, पण विचार किती पुढचे.

पडद्यावर चित्रं उमटली. संयोगिताने जुना नंबर शोधण्यासाठी मशीनची माहिती उघडली. एक करडी चौकट आली. वर विंडोज ९५, खाली तो लांबलचक नंबर आणि दोहोंच्या मध्ये, मशीन कोणाच्या नावे आहे त्या ओळीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: संयोगिता रणवीर जगताप.

तिने ते पुन्हा वाचलं. मग तिला हसू फुटलं. कधी केलं असेल ह्यांनी? फार बोलत नाहीत, कौतुक तर तोंडावर कधी केलं नाही, आणि गुपचूप घरातली सगळ्यांत महाग वस्तू माझ्या नावावर करून ठेवली. तिच्या अंगावर काटाच आला. नंबर वर्तमानपत्राच्या कडेला उतरवून घेताना एक आकडा चुकला, तो खोडून परत लिहावा लागला. ही गोष्ट कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिच्याच्याने राहवेना.

"आत्याबाई, इकडे या ना. ह्यांनी कॉम्प्युटर माझ्या नावावर केलाय."

सोयराबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, पदराला बोटं पुसत आल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. संयोगिताने बोट ठेवून एकेक शब्द वाचून दाखवला.

"ते तुझं नव्हं गं," सोयराबाई म्हणाल्या. "तिचं ते. मशीन आणलं त्या दसऱ्याला तिनंच घातलंतं नाव. टायपिंगची कामं घ्यायची ना."

"तिचं नाव रक्षिता होतं."

"ते माहेरचं."

असं म्हणून त्या पुन्हा शेंगांपाशी जाऊन बसल्या. त्यांच्या आवाजात काही लपवल्याचा भाव नव्हता, उघड झाल्याचाही नव्हता. संयोगिताचा चेहरा बघून त्यांनी समजावून सांगितलं ते असं, की रेशनकार्डावर तेच नाव, गॅसच्या पुस्तकावर तेच, बँकेतही तेच. गेलेलीचं नाव काढायला एकदा रांगेत उभं राहायचं आणि आलेलीचं घालायला पुन्हा, हे कुणी करायचं? कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं; तुझ्या वडिलांनी टाकाचं विचारलं, नावाचं विचारलं नाही.

"नि रणवीरच्या तोंडात बसलेलं ते," सोयराबाई म्हणाल्या. "दुसरं ठेवलं असतं तर चुकून हेच आलं असतं तोंडात. मग तुलाच वाईट वाटलं असतं. टाक बांधला असता तर ओझं. नावाला काय वजन असतं?"

एक शेंग किडकी निघाली, ती त्यांनी वेगळी टाकली.

संयोगिता खुर्चीवर बसून राहिली. आधी तिला शरम वाटली, आपण केवढ्या उत्साहाने हाक मारून बोलावलं म्हणून. मग राग आला. सासूचा, नवऱ्याचा आणि तांदळांवर वाकून "छान आहे गं नाव" म्हणणाऱ्या सगळ्या बायकांचा. त्यांतल्या जगतापांकडच्या बायकांना तर ठाऊकच होतं. रेशनच्या रांगेत कार्ड पुढे करताना, बँकेत सही करताना ती दीड वर्ष मेलेल्या बाईच्या जागी उभी राहत होती आणि कुणाला काही खटकलं नव्हतं. पण हे सगळं तिने गिळलं असतं. गिळवत नव्हतं ते वेगळंच. अंधारात, तिच्या मानेशी तोंड नेऊन रणवीर ते नाव घ्यायचा. दिवसा न बोलणारा माणूस तेव्हा तेवढं एकच बोलायचा आणि ती ते जपून ठेवायची. आता त्यातली एक तरी हाक आपली होती का, हे तिला कोण सांगणार होतं?

तिने डोळे पुसले आणि सीडी हातात घेतली. दोन वाटा होत्या, डिप्लोमात दोन्ही शिकवल्या होत्या. जुन्यावर नवं बसवलं तर मशीन काही विचारणार नव्हतं; आधीचं नाव, आधीच्या फायली, सगळं तसंच पुढे गेलं असतं. किंवा सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायचं. मग पुरावा मागितला असता, तो जुना नंबर तिच्याजवळ होता. आणि त्यानंतर मशीनने नाव विचारलं असतं. रिकामी चौकट आली असती आणि त्यात हवं ते लिहिता आलं असतं.

तिने रणवीरच्या ऑफिसात फोन लावला. जे. पी. नगरच्या पलीकडे त्याचा कारखाना होता, फोनवर मागून यंत्रांचा आवाज यायचा.

"सगळं पुसून नवीन घालते," ती म्हणाली. "मशीन चांगलं चालेल."

"नको, नको. सकाळीच सांगितलं ना, संयोगिता. जुनं सगळं आहे त्यात."

"कुणाचं?"

यंत्रं चालू होती.

"आपलं," तो म्हणाला.

तिने फोन ठेवला. पुसून टाकणं तिच्या हातात होतं आणि नवऱ्याला सांगता आलं असतं की चुकून झालं, करंट गेला. पण फोटोतल्या त्या मुलीने हिचं काय वाकडं केलं होतं? तिच्याकडूनही तिचं रक्षिता घेतलंच होतं ना या लोकांनी. तिने सीडी आत सरकवली आणि जुन्याच्या वर नवं बसवायला सांगितलं. पडद्यावरची निळी पट्टी इंचाइंचाने भरत गेली. मशीन मध्येच बंद होऊन आपलं आपण सुरू झालं. संध्याकाळ होता होता काम संपलं, तेव्हा तिने तीच करडी चौकट पुन्हा उघडून पाहिली. विंडोज ९८. संयोगिता रणवीर जगताप.

रणवीर आला तो बूट न काढताच खुर्चीवर बसला. तिने चहा आणून कीबोर्डशेजारी ठेवला. तो एकेक जुनी फाईल उघडून पाहत होता. एका फाईलपाशी थांबला, वाचत राहिला, मग बंद केली. त्याचा चेहरा सैल पडला. दीड वर्षात त्याने तिच्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलेलं तिला आठवत नव्हतं.

"सगळं आहे," तो म्हणाला. "छान केलंस, संयोगिता."

"माझं नाव काय?"

तो हसला. "म्हणजे? संयोगिता."

"लग्नाआधीचं."

त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे तिच्यावरून निघाले. तो पडद्याकडे बघू लागला, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, आत आई भांडी लावत होती तिकडे. नाव घेताना तो अडखळलेला संयोगिता पहिल्यांदाच पाहत होती. तुझे वडील फोनवर राजी म्हणतात, तो म्हणाला. राजी, राजी. मग त्याला ते सापडलं आणि सुटल्यासारखा तो तिच्याकडे वळला.

"राजेश्वरी," तो म्हणाला. "बरोबर ना?"

"हो," ती म्हणाली आणि गार झालेला चहा परत तापवायला आत गेली.