कपाटाची किल्ली बाईंच्या गळ्यात

समुपदेशक बाईंचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे, आणि त्यांच्या धंद्यात तेच बरं होतं. सख्ख्या आईलाही जे सांगितलं जात नाही ते बायका त्यांच्यासमोर बसून सांगत. समोरची उठून गेली की बाई ते सगळं कॉम्प्युटरवर टिपून ठेवत.

पाठचा भाऊ कॉम्प्युटरच्याच क्षेत्रातला. तो म्हणाला, "ताई, नोंदी क्लाउडवर ठेव."

"म्हणजे कुठे?"

"परदेशातल्या सर्व्हरवर. पण इथून निघायच्या आधीच त्या कुलूपबंद होतील. कुणी चोरल्या तरी त्याला नुसता अक्षरांचा कचरा दिसेल."

"माझ्या बायकांची दुखणी परक्या देशात? भलतंच काहीतरी."

शेवटी मधला मार्ग निघाला. कॉम्प्युटर ऑफिसातल्याच लोखंडी कपाटात राहिला आणि किल्ली बाईंच्या गळ्यात. भाऊही हट्टाला पेटलेला. त्याने नोंदींवर एन्क्रिप्शनचं कुलूप चढवलंच. पासवर्ड बंद पाकिटात दिला आणि बजावलं, "पाकीट उघड आणि लगेच बदलून स्वतःचा ठेव."

बाईंनी पाकीट उजेडात धरून पाहिलं. पासवर्ड यानेच लिहिलाय, म्हणजे याला पाठ असणार. बदलला तरी कुलूप याच्याच हातचं, मागे एखादी फट ठेवली नसेल कशावरून? भावाबद्दल असं मनात आलं म्हणून त्यांना लाज वाटली, पण एकदा पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कॉम्प्युटर आपल्या कपाटात, आपल्या डोळ्यांसमोर. वर भावाचं कुलूप हवंय कशाला?

त्याच आठवड्यात दाराखालून एक पत्रक आत आलं होतं. कॉम्प्युटर दुरुस्ती, जागेवर येऊन. बाईंनी त्या माणसाला बोलावलं, मुद्दाम अनोळखी म्हणून. ना ओळख, ना नातं, ना आपल्या भानगडीत त्याला रस. त्याने चपला बाहेर काढल्या, पाणीसुद्धा मागितलं नाही. बाई त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि डोळ्यांत तेल घालून त्याचे हात पाहत राहिल्या. पासवर्ड त्यांनी स्वतः टाइप केला.

"कुलूप काढताना काही उडायला नको," तो म्हणाला, "आधी माझ्या डिस्कवर कॉपी घेतो, मग माझ्याकडची पुसून टाकतो." पुसल्यावर त्याने आपल्या डिस्कची रिकामी स्क्रीन दाखवली. बाईंचं समाधान झालं. एवढी संशयी बाई, पण रिकामी स्क्रीन पाहून भुलली.

अकराव्या दिवशी सकाळी बाईंकडे येणाऱ्या एका शिक्षिकेचा फोन आला. नवऱ्याच्या मारापासून पळून ती मुलीला घेऊन लपलेली. नवऱ्याला बाईंचं ऑफिस ठाऊक होतं, तिचं नवं घर नव्हतं.

"मॅडम, तो समोरच्या फुटपाथवर उभा आहे. हा पत्ता मी फक्त तुम्हाला सांगितला होता."

बाईंनी पोलिसांना फोन केला, मग भावाला. त्याला काही बोलूच दिलं नाही. "तूच. तुझ्याशिवाय पासवर्ड कुणाला ठाऊक होता?"

भाऊ धावत आला. कपाट उघडून कॉम्प्युटर पाहिल्यावर त्याने शांतपणे विचारलं, "नोंदींवरचं कुलूप कुठे गेलं, ताई?"

मग बाईंना सगळं सांगावं लागलं. "डिस्कवरचं पुसलेलं परत काढता येतं, ताई," भाऊ म्हणाला. त्याने ते पत्रक हातात घेतलं आणि शेजारच्या शिंप्याकडे गेला. शिंप्याकडे असलं काही आलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडेही नाही. अख्ख्या इमारतीत पत्रक सरकलं होतं ते फक्त बाईंच्या दाराखालून.

बाईंचा हात गळ्याकडे गेला. किल्ली गळ्यातच होती.

"किती जणींच्या नोंदी होत्या?" भावाने विचारलं.

"एकशे बारा."

"सगळ्यांना सांगावं लागेल."

पहिला फोन शिक्षिकेलाच. पोलीस वेळेवर पोचले होते, मायलेकी सुखरूप निघाल्या होत्या. बाईंनी काहीही न लपवता आपली चूक सांगितली. मग सवयीने बाईंनी पेन उचललं आणि विचारलं, "आता कुठे आहात?"

"बऱ्या आहोत," शिक्षिका म्हणाली. "कुठे ते मात्र तुम्हाला नाही सांगत, मॅडम. राग मानू नका."

"नका सांगू," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुढचा नंबर लावला.