रविवारची मोजणी

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं धाकटीच्या बाबतीत सहसा घडत नसे. बोलण्याआधी ती वाक्य मनात एकदा तपासून घ्यायची, आणि तोवर विषय बदललेला असायचा. पण त्या सोमवारी, पुढच्या वर्षाच्या कामाची वाटणी चालू असताना, ती सगळ्यांदेखत बोलून गेली, "मोजणीचं सॉफ्टवेअर मी करते."

कारखाना जैविक खताचा. पोत्यातल्या खतात जिवाणू पुरेसे आहेत का, ते प्रयोगशाळेत बघावं लागे. खत पाण्यात भरपूर पातळ करायचं, त्यातले दोन-चार थेंब प्लेटमध्ये पसरायचे, प्लेट दोन दिवस उबेत ठेवायची आणि मग उगवलेल्या कॉलन्या, म्हणजे जिवाणूंचे पांढरट कण, एक-एक करून मोजायच्या. शुक्रवारच्या प्लेट्स रविवारी मोजायला येत, कारण जिवाणूंना सुट्टी ठाऊक नसते. गेली सहा वर्षं दर रविवारी, साडेदहा ते दोन, चाळीस प्लेट्स तीच मोजत होती. घरी ती धाकटी सून, प्रयोगशाळेत वयाने धाकटी. दोन्हीकडे उरलेलं काम तिच्या वाट्याला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुला येतं सॉफ्टवेअर?"

"शिकतेय." बारा धड्यांच्या फुकट अभ्यासक्रमातले चार धडे झाले होते, त्यातला चौथा बसमध्ये पेंगत.

"किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे."

"चाललं, तर तुझे रविवार मोकळे. नाही चाललं, तर वाटणी हीच आणि कुरकुर नाही. कबूल?"

"कबूल."

शेजारच्या टेबलावरचे काका तीस वर्षं कॉलन्या मोजत होते. ते म्हणाले, "धाकटे, अंगापेक्षा बोंगा मोठा होतोय हं!"

घरी सासूबाईंनी वेगळाच प्रश्न काढला. "रविवार मोकळा मिळाला तर करशील काय?"

"लोळेन."

"दिवसभर?"

"दुपारी कूस बदलेन."

"लोळण्यासाठी एवढा खटाटोप!" सासूबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात थोडा मत्सर होता.

आता वेळ कुठून आणायचा? बसची जाताना बावीस मिनिटं, येताना बावीस. शिवाय ऑटोक्लेव्ह, म्हणजे काचसामान वाफेने निर्जंतुक करणारं ते भलंमोठं भांडं, तापून निवेपर्यंत तासभर त्याच्याजवळ थांबावं लागे. तो तास आजवर भिंतीकडे बघण्यात जायचा. या तुटपुंज्या भांडवलावर धाकटीने पाचवा, सहावा आणि घाईघाईत नववा धडा उरकला. त्यातून कळलं ते असं, की कॉलनी कशाला म्हणतात हे सॉफ्टवेअरला समजावून सांगायचंच नसतं. फोटो दाखवायचे, प्रत्येकाचा आकडा सांगायचा. बाकीचं ते आपलं आपण शिकतं. आणि फोटोंना काय तोटा? मोजून झालेल्या प्रत्येक प्लेटचा फोटो काढून ठेवायची पद्धत गेल्या दीड वर्षापासून होती. नऊ हजार फोटो होते, प्रत्येकाचा आकडा वहीत होता. धाकटीने सगळेच्या सगळे त्याला भरवले.

पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअर म्हणालं, या प्लेटमध्ये उणे चौदा कॉलन्या आहेत.

"म्हणजे बाहेरून चौदा आणून टाकल्या की शून्य होणार?" सासूबाईंनी विचारलं.

दुसऱ्या आठवड्यात ते प्रत्येक प्लेटला एकशे सव्वीस म्हणू लागलं. सरासरी तेवढीच येत होती, हे त्याने हेरलं होतं.

"बुद्धिमान आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "माझा भाऊ असाच पास व्हायचा."

तिसऱ्या आठवड्यात मात्र गाडी रुळावर आली. धाकटी फोटो दाखवी, ते आकडा सांगे आणि वहीतही तोच आकडा निघे. शंभरात चार-पाच ठिकाणी चुके, पण तेवढं चालायचंच. तिने रविवारसाठी नवी उशी आणली.

सोमवारी मॅडम, काका आणि धाकटी मोजणीच्या टेबलाभोवती जमले. मॅडमनी उबेतून ताजी प्लेट काढली. कॉलन्या नुसत्या दाटल्या होत्या. धाकटीने फोटो काढला. सॉफ्टवेअर म्हणालं, शून्य.

"प्रकाश कमी असेल," धाकटी म्हणाली. दिवा जवळ ओढला. दुसरी प्लेट. शून्य.

काकांना राहवेना. तिसरी प्लेट हातात येताच सवयीने त्यांनी ती उलटी करून मार्करने पहिल्या कॉलनीवर ठिपका दिला. "काका, थांबा!" म्हणत मॅडमनी ती काढून घेतली. धाकटीने फोटो काढला. सॉफ्टवेअर म्हणालं, एक.

धाकटीने घोडं कुठे पेंड खातंय ते ओळखलं. तिने मार्कर घेतला, आणखी तीन ठिपके दिले आणि पुन्हा फोटो काढला. चार.

एकच कॉलनी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून मोजलेल्या प्रत्येक कॉलनीवर प्लेटच्या पाठीमागून निळा ठिपका द्यायचा, ही इथली रीत. फोटो काढायचा तो त्यानंतर. म्हणजे नऊ हजार फोटोंत नऊ हजार ठिपकेवाल्या प्लेट्स! सॉफ्टवेअर मन लावून निळे ठिपके मोजायला शिकलं होतं. कॉलन्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

काकांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "म्हणजे आधी मी मोजायचं, आणि मग यानं माझं मोजणं मोजायचं! आयत्या बिळावर नागोबा!"

"मग रविवारचं ठरल्याप्रमाणे," मॅडम म्हणाल्या, आणि वाटणीच्या तक्त्यावर धाकटीचं नाव पुन्हा पेनाने गिरवलं.

धाकटी ऑटोक्लेव्हपाशी जाऊन बसली. रडू येत होतं, पण फसलेल्या प्रयोगाचाही अहवाल पुरा करावा लागतो. ज्यांचे आकडे जुळले नव्हते, ते फोटो तिने पुन्हा उघडले आणि त्यांवरचे ठिपके हाताने मोजले. पहिल्या फोटोत ठिपके त्रेसष्ट, सॉफ्टवेअरचा आकडा त्रेसष्ट, वहीत एकशे चाळीस. दुसऱ्यात ठिपके अठ्ठावन्न, सॉफ्टवेअर अठ्ठावन्न, वहीत एकशे चाळीस. सॉफ्टवेअर चुकलंच नव्हतं. ती एकशे चाळीसवाली पानं सगळी गुरुवारची होती. त्यांतल्याच मंगळवारच्या फोटोंत प्लेटच्या डाव्या अर्ध्या भागावर ठिपके, उजवा भाग कोरा आणि वहीत बरोबर दुप्पट आकडा. गुरुवारी मोजत मॅडम, मंगळवारी काका.

तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तिने दोन पानं नीट लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवली.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. "हे कुणाला दाखवलंस?"

"अजून नाही. काकांचं पान वेगळं आहे."

"माझंही पान आहे?" काका उठून आले.

"गुरुवारी दुपारी माझी बैठक असते," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. कारणाचा रकाना मी मोकळा ठेवलाय."

"अगं, तीसच्या वर काहीही आलं तरी पोतं पास होतं!" काका म्हणाले. "त्रेसष्ट काय अन् एकशे चाळीस काय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पोतं पास होतं, काका. मोजणी नाही होत."

मग मॅडमनी सावकाश विचारलं, "या सॉफ्टवेअरचं पुढे काय करणार आहेस?"

"रोजच्या प्लेट्सवर चालवावं म्हणते. मोजणाऱ्याला तपासायला ते अचूक आहे."

"महिन्यातून एकदा?"

"दर प्लेटला."

काका खुर्चीत बसले. मॅडमनी तक्ता पुढे ओढला. "सॉफ्टवेअर चाललं."

"नाही मॅडम, नाही चाललं. त्याला कॉलनी दिसतच—"

"मी म्हणते ना, चाललं!" मॅडमनी तिच्या नावावर आडवी रेघ मारली. "रविवार तुझे. आता ते बंद कर."

धाकटीने वाक्य मनात तपासलं. या वेळी विषय बदलला नाही. "गुरुवारच्या आणि मंगळवारच्या प्लेट्स पूर्ण मोजल्या जाणार असतील, तर करते बंद."

"जातील," मॅडम म्हणाल्या.

"जातील गं बाई," काका म्हणाले. "पण मग या रविवारी मोजायचं कुणी?"

मॅडमनी मार्कर उचलून काकांच्या खिशात खोचला. काकांनी तो काढून अदबीने मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी काकांच्या वयाचा मान पुढे केला, काकांनी मॅडमच्या पदाचा. मार्करची तिसरी फेरी चालू होती, तेव्हा धाकटीने हळूच सॉफ्टवेअर बंद केलं आणि बाहेर पडून, दोघांना ऐकू जाणार नाही इतक्या बेताने दार लोटून घेतलं.