मधली जागा मोकळी

बाबा जिन्यात घसरून पडले तेव्हा फोन त्यांच्या हातातच होता. पाय मुरगळलेला, उठता येत नाही, अशा अवस्थेत ते दोन तास पायरीवर बसून राहिले. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी बाजारातून परतल्या, त्यांनी बाबांच्या हातातला फोन घेऊन मला कळवलं. मी दुकान सोडून धावतच गेले.

"बाबा, फोन का नाही केलात?"

"बॅटरी संपली होती," बाबा माझ्या कानाकडे बघत म्हणाले.

आता ज्या फोनवरून मावशींनी मला कळवलं, त्याच फोनची बॅटरी संपली होती म्हणे. खोटं बोलायचं तर निदान जरा जमवून तरी बोलावं. मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात अकरा वर्षं काम करते, मला बॅटरीच्या थापा चालत नाहीत. पाहिलं तर अठ्ठ्याहत्तर टक्के होती.

मला जास्त झोंबलं ते वेगळंच. तो फोन मी लावून दिलेला होता. दुकानात म्हातारी माणसं फोन घेऊन येतात, "यात काही सापडत नाही" म्हणतात, आणि मालक त्यांना माझ्याकडे पाठवतात. माझी रीत ठरलेली. कंपनीचा लाँचर, म्हणजे फोन उघडल्यावर दिसणारी मांडणी, बंद करायचा, साधा लाँचर टाकायचा, नको ती सगळी ॲप लपवायची, आयकॉन होतील तेवढे मोठे करून होम स्क्रीनच्या मधोमध आणायचे, आणि बोट लागून काही सरकू नये म्हणून सगळं कुलूपबंद करून टाकायचं. शेकडो फोन असे करून दिले. बाबांचा तर जीव ओतून केला होता. पांढरा पडदा आणि बरोबर मध्ये माझा हसरा फोटो. फोटोवर बोट ठेवलं की मला फोन. याहून सोपं काय असतं?

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा माझा मोठा भाऊ, गाडीनं आठ तासांच्या अंतरावर राहतो.

"बस्स झालं आता. रविवारी येतो आणि बाबांना घेऊन जातो."

"अरे, पण..."

"पण-बिण काही नाही. दोन तास जिन्यात बसले होते ते. उद्या डोक्यावर पडले तर?"

त्याचं चुकत नव्हतं, म्हणूनच मला राग आला. "तुझ्यासमोर त्यांनी स्वतःच्या हातानं फोन लावून दाखवला तर राहू देशील?" मी म्हटलं. "नाही जमलं तर मीच त्यांची बॅग भरून देईन." माझी जीभ अशी आहे, माझ्या आधी धावते.

बाबांना कळलं तेव्हा ते लंगडत उठले. खिडकीत जाऊन उभे राहिले. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, चाळीस वर्षं, तिसऱ्या मजल्यावरच्या, आता ते एकटे राहतात त्याच खोलीत. तिथं अजून टर्पेंटाइनचा वास आहे, आणि जमिनीवर इतके रंग सांडलेत की मूळ फरशी कुठली ते मलाही आठवत नाही. खाली रस्त्यावर त्यांच्या सतरा पाट्या आहेत. छत्र्यांचं दुकान, घड्याळवाला, वजनकाटे विकणारा.

"तिकडे गेलो तर मी कुठल्या दुकानाच्या पाटीखालून चाललोय, हेच मला कळायचं नाही," ते म्हणाले. मागितलं काहीच नाही, पण मला ते मागितल्यासारखंच ऐकू आलं.

बुधवारपासून मी त्यांची शिकवणी सुरू केली. समोर खुर्ची टाकून बसायचं, फोन त्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "हं, लावा मला." बाबांचा अंगठा माझ्या फोटोच्या बाजूला पडायचा. मी फोटो आणखी मोठा केला. अंगठा पुन्हा बाजूला. शेवटी मी माझं तोंड इतकं मोठं केलं की पडद्यावर दुसरं काही उरलंच नाही. मग त्यांना फोन कुठल्या बाजूनं धरलाय तेच कळेना.

"बाबा, सरळ बघा ना!"

त्यांनी सरळ बघितलं, आणि त्यांचा चेहरा गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखा झाला.

"आणि बोलताना माझ्याकडे बघा. कानाकडे काय बघता सारखं?"

ते शेवटी तोंडातून निघालंच. वर्षभर ते मला सलत होतं. आई गेल्यावर तिचे कपडे मी बाबांना न विचारता देऊन टाकले होते. त्याच सुमाराला बाबांनी माझ्या डोळ्याला डोळा भिडवणं सोडलं. बोलायचे, हसायचे, पण नजर माझ्या कानावर नाहीतर खांद्यावर. मी मनाशी धरून बसले होते की बाबांनी मला माफ केलेलं नाही. विचारायचं धाडस मात्र कधी झालं नाही.

गुरुवारी दुपारी माझा पारा चढला. दहा वेळा लावून एकदाही फोन लागला नाही. मी तणतणत चहा टाकायला आत गेले, आणि कप घेऊन परत आले तेव्हा दारातच थांबले.

बाबांनी फोन पाटीच्या लाकडी स्टँडवर उभा केला होता. पडदा उजळलेला होता. खिडकीच्या पडद्यातून दुपारचं ऊन येत होतं, खोलीभर पिवळसर, पाण्यात उतरल्यासारखं. त्या उजेडात बाबा लंगडत चालले होते, हात पाठीमागे बांधून, समोरच्या भिंतीकडे बघत. फोनसमोरून गेले, टोकाला वळले, पुन्हा आले. फोनकडे एकदाही मान वळवली नाही. मला वाटलं, मी कधीतरी पाहिलेलं स्वप्न पुन्हा बघतेय.

मग आठवलं. मी लहान असताना ते मला बरोबर न्यायचे. पाटी टांगून झाली की रस्ता ओलांडायचे, परत यायचे आणि पाटीखालून चालत जायचे, वर न बघता. मी म्हणायचे, "बघा की!" तर म्हणायचे, "पाटी वाचायला कोणी थांबतं का वेडे? माणूस आपल्या विचारात चाललेला असतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली तरच पाटी चांगली." प्रत्येक पाटी ते अशीच तपासायचे. जी कोपऱ्यातून दिसली नाही ती उतरवून पुन्हा रंगवायचे.

चालता चालता बाबा थबकले. भिंतीकडे बघून हळूच म्हणाले, "आता दिसतेस."

"कोण दिसतं?" मी विचारलं.

बाबा दचकले. मग लपवून काही उपयोग नाही असं त्यांना वाटलं असावं. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तू. फोटोत. हिरवा स्वेटर घातलायस ना? सरळ बघितलं की जातेस."

"म्हणजे काय जाते?"

"मधोमध एक डाग बसलाय गं. दोन्ही डोळ्यांत. जिकडे बघावं तिथंच तो आधी जाऊन बसतो. कडेचं सगळं दिसतं. छत दिसतं, जमीन दिसते, ज्याच्याकडे बघतोय तेवढं नेमकं दिसत नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल." ते जरा हसले. "त्या डागात कधी कधी अक्षरं तरंगतात. निळ्यावर पिवळी. मी रंगवलेली असावीत, पण कुठल्या दुकानाची ते वाचता येत नाही. छान असतात मात्र. हळूहळू फिरतात, मग विरघळतात. मी नुसता बघत बसतो."

"आणि हे मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू दादाला सांगितलं असतंस, आणि तो त्याच दिवशी गाडी घेऊन आला असता."

खरं होतं. मी कप खाली ठेवला. विचारायचं ते एकच उरलं होतं. "आणि माझ्या कानाकडे?"

"कानाकडे बघितलं की तुझा चेहरा दिसतो ना," बाबा म्हणाले. "नाक, कपाळ, ती रागानं वर गेलेली भुवई. तोंडाकडे बघितलं की तिथं कोणीच नसतं."

मी रडले. चांगली भोकाड पसरून रडले. वर्षभर मी ज्याला राग समजत होते तो बाबांचा मला बघायचा प्रयत्न होता. आणि मी काय केलं होतं? माझं तोंड नेमकं त्या डागात नेऊन ठेवलं होतं, वर ते मोठं मोठं करत गेले होते. जिन्यात बसल्या बसल्या बाबा दोन तास मलाच शोधत होते.

शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मधलं परत येणार नाही, कडेचं टिकेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तरंगणाऱ्या अक्षरांचं विचारलं तर म्हणाले, "घाबरू नका. जागा रिकामी दिसली की मन तिथं काहीतरी काढत बसतं." बाबा खूश झाले. येताना रिक्षात म्हणाले, "म्हणजे मी अजून कामावर आहे."

शनिवारी सकाळी त्यांनी मला हाताखाली घेतलं. हो, हाताखालीच. लाँचर माझा, पण उस्ताद ते.

"पाटीत आधी मोकळी जागा ठरवायची, अक्षरं मागाहून," बाबा म्हणाले. "मधलं सगळं काढ."

मी माझा फोटो काढून टाकला. पांढरा उजेड टोचतो म्हणाले, म्हणून वॉलपेपर काळा केला. लाँचरच्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचे चौकोन वाढवले, म्हणजे आयकॉन अगदी कडेला नेता येतात. त्या बदलात मधोमध लाँचरची शोधपट्टी उगवली, ती काही केल्या जाईना. मी शिव्या घालत होते आणि बाबा हसत होते.

"दुकानदारांसारखी आहे. सगळे हेच म्हणायचे. नाव मोठं करा, मधोमध करा."

मीही तेच केलं होतं. दहा मिनिटांनी ती पट्टी कुठून बंद होते ते सापडलं.

मग बाबांनी प्लायवूडचे तळहाताएवढे चार तुकडे घेतले आणि रुंद ब्रशनं रंगवले. भिंतीकडे बघत रंगवत होते, पण कडा सुतासारख्या सरळ आल्या. दादा निळा. शिवणकामवाल्या मावशी लाल. डॉक्टर पांढरे. मी पिवळी. रंग वाळल्यावर मी त्यांचे फोटो काढले आणि तेच आयकॉन म्हणून लावले, एकेका कोपऱ्यात एक. बोट टेकलं की सरळ फोन. मी खाली उजवीकडे, जिथं त्यांचा अंगठा आपसूक टेकतो.

"खालची नावं ठेवू?" मी विचारलं.

बाबांनी ब्रश उचलला. "नको," म्हणाले. "वाचता येणार नाहीत ती." मी नावं बंद केली. त्यांनी ब्रश पुसला, पुसतच राहिले. "चाळीस वर्षांत पहिलीच पाटी, जिच्यावर अक्षर नाही."

फोन पुन्हा स्टँडवर उभा राहिला आणि बाबा समोरून चालले. पहिल्या फेरीत निळा काळ्यात बुडाला, म्हणून दादाला आणखी उजळ, आकाशी केलं. दुसऱ्या फेरीत डॉक्टर जरा वर सरकवले. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं आणि बाबा जात होते, येत होते, स्वतःशी पुटपुटत, "ही दिसली, हा दिसला." त्या संध्याकाळी माझा फोन एकतीस वेळा वाजला. मी दर वेळी उचलला. शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून आम्ही दोघं फोनवर "हॅलो" म्हणत होतो आणि हसत होतो.

रविवारी दादा आला. बरोबर रिकामी मोठी बॅग. चहासुद्धा न घेता बाबांच्या अगदी समोर खुर्ची टाकून बसला. "हं बाबा, मला लावा फोन."

बाबांनी फोन हातात घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"बाबा, फोनकडे बघा ना!"

"बघतोय."

अंगठा वरच्या कोपऱ्यात गेला. दादाच्या खिशात फोन वाजला. "लागला असेल चुकून," दादा म्हणाला. बाबांनी पुन्हा लावला, पुन्हा वाजला. मग लाल. खालून, फरशीतून, शिवणयंत्र थांबल्याचं ऐकू आलं आणि मावशींचा आवाज फोनमधून आला, "काय हो, बरे आहात ना?" मग पिवळा, आणि मी हातातला फोन उंच धरून दाखवला. दादानं माझ्याकडे कोड्यात पडल्यासारखं बघितलं, तेव्हा मी त्याला डोळ्यांचं सगळं सांगितलं. तो बाबांचा फोन घेऊन त्या काळ्या पडद्याचे चारही कोपरे बघू लागला.

"ठीक आहे," शेवटी म्हणाला. "राहा इथंच. पण माझ्याकडे बघून सांगा बाबा, जमेल ना एकट्यानं?"

बाबा त्याच्या कानाकडे बघायला लागले. मी इतकं समजावून सांगितलं होतं, तरी दादाचा चेहरा पडला. माझा वर्षभर पडत होता तसाच. कळणं वेगळं आणि बापानं आपल्याकडे न बघणं वेगळं.

"दादा, खुर्ची बाजूला घे."

"किती?"

"मी सांगते." मी त्याला हातभर उजवीकडे सरकवलं, मग आणखी थोडं. बाबांनी मान सरळ केली. त्यांची नजर समोरच्या रिकाम्या भिंतीवर निवांत टेकली.

"अरे," ते म्हणाले, "केवढे केस पिकले रे तुझे."