तारखेचं कारण

वकिलाची मुलगी तापाने फणफणली होती आणि दुपारी तिच्यापाशी थांबायची पाळी त्याची होती. त्यासाठी खटल्याला पुढची तारीख हवी होती. कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता.

“पोट बिघडलंय म्हणून सांग,” त्याचे सीनियर वकील म्हणाले. “मुलीचं कारण दिलंस तर उद्यापासून सगळे तुला आयाबाई म्हणतील.”

कोर्टात त्याच्या खटल्याचा पुकारा झाला. तो उभा राहिला.

“तारीख कशासाठी?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मुलगी आजारी आहे, साहेब.”

“घरी बायको नाही?”

मागे कुणीतरी फिस्कन हसलं. त्याचे कान तापले.

“आहे, साहेब. सकाळी ती थांबली. आता मी थांबणार.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि तारीख दिली. सीनियरकडे न बघता तो निघाला आणि भराभर जिना उतरला.